न गेलेल्या सभेची सही

तुमसर तालुक्यांतील बपेरा हें गांव महाराष्ट्राच्या अगदीं शिवेवर, बावनथडी नदीजवळ आहे. नदी ओलांडली कीं मध्यप्रदेश लागतो. त्या बाजूस गेलों असतां आसपासच्या एका मंडळींतील वीस वर्षांच्या तरुणानें आम्हांस एक प्रश्न विचारिला. त्याच्या गांवाचें नांव आम्ही लिहीत नाहीं. कारण जें तेथें घडलें तें पुष्कळ गांवीं घडत असतें.

ग्रामसभा होऊन गेल्यावर दुसरे दिवशीं पंचायतीचा शिपाई हजेरीची वही घेऊन दारीं आला. सभेस पुरेशीं माणसें जमलीं नव्हतीं, म्हणून सह्या पाहिजे होत्या. बापानें सही केली व मुलास म्हटलें, “तूंही कर.” मुलगा सभेस गेलाच नव्हता. त्यानें लेखणी हातीं घेतली नाहीं. बाप रागावला, शिपाई हंसून पुढच्या घरीं गेला. रविवारीं उपासनेनंतर मुलगा आम्हांस म्हणाला, “आईबापांचा मान राखावा ही पांचवी आज्ञा, आणि खोटी साक्ष देऊं नये ही नववी. मीं कोणती मोडावयाची होती?”

एवढ्याशा सहीला खोटी साक्ष म्हणावें काय, असें कांहीं वाचक विचारतील. पण ती सही काय बोलते तें पाहावें. ‘मी तेथें होतों, मीं ऐकिलें, हें माझ्यासमक्ष ठरलें’ असें ती बोलते. ग्रामसभेस मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० माणसें, यांत जो आंकडा कमी असेल तेवढी गणपूर्ति असावी, असा आपल्या राज्याचा नियम आहे. दोघांचौघांनीं बसून गांवाच्या नांवें निर्णय करूं नयेत, एवढाच त्याचा हेतु. त्या दिवशीं घरकुलाची यादी मंजूर झाली असेल आणि तींतून एखाद्या विधवेचें नांव गळलें असेल, तर घरीं बसून सही करणारा प्रत्येक जण त्या गळण्याचा साक्षी झाला. ती बाई दाद मागावयास गेली म्हणजे तिच्यापुढें हीच वही उघडली जाते.

तरी बापाला दोष देण्याची आम्हांस घाई नाहीं. त्या गांवीं आपल्या मंडळीचीं घरें थोडीं. त्याचा स्वतःचा घरकुलाचा अर्ज पंचायतींत पडून आहे; उद्यां रहिवासाचा दाखला लागेल, परवां नळाची जोडणी. शहरांत बसून लिहिणाऱ्यास दुसऱ्याच्या धैर्याविषयीं उपदेश करणें फार सोपें असतें, हें आम्ही जाणून आहों. म्हणून मुलाला आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, बापाचा मान राखणें म्हणजे त्याच्या भीतीवर आपलीही सही करणें नव्हे. पण शिपायासमोर बापाला खालीं पाहावयास लावणें हेंही बरें नव्हे.

मग आम्हीं त्याला उलट विचारिलें, “तूं सभेस कां गेला नाहींस?” तो गप्प राहिला. पुढें म्हणाला कीं, तें सगळें घाणेरडें राजकारण आहे, तेथें आपलें कोण ऐकतो? आमच्या मतें खरा प्रश्न येथें आहे. त्याचा हात स्वच्छ राहिला हें खरें, पण अर्धाच. त्याच्यासारखे पन्नास तरुण त्या सकाळीं सभेंत येऊन बसले असते, तर शिपायाला वही घेऊन हिंडावेंच लागलें नसतें. जो स्वतःस स्वच्छ ठेवण्यासाठीं दूर राहतो, त्याची रिकामी जागाच या खोट्या सह्यांनीं भरली जाते.

वडील मंडळी येथें रहबामाचें उदाहरण काढतील. तरुणांची मसलत ऐकून त्यानें राज्य फोडलें हें खरें आहे. पण ते तरुण राजवाड्यांत वाढलेले त्याचे सोबती होते, आणि त्यांनीं लोकांचें जूं अधिक जड करावयास सांगितलें. त्यांचा दोष वयाचा नव्हता. निवडणूक आली कीं तरुणांच्या हातीं झेंडे देणारे व निवडणूक सरली कीं त्यांना विसरणारे पुढारी आजही असेच सोबती शोधतात, हें मात्र तरुणांनीं ध्यानांत ठेवावें.

याच्या उलट गणनेच्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढून पाहावा. सलाफहाद पुत्रावांचून मेला. त्याच्या पांच मुली महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा दर्शनमंडपाच्या दारीं मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यापुढें उभ्या राहिल्या. आपला बाप कोरहाच्या बंडांत नव्हता, हें त्यांनीं आधीं सांगितलें. मग वतन मागितलें. मोशेनें त्यांना दटाविलें नाहीं. प्रश्न देवापुढें नेला, आणि त्या मुलींचें म्हणणें रास्त ठरून इस्राएलासाठीं नवा नियम झाला. यहोशवाच्या पुस्तकांत त्याच मुली पुन्हां उभ्या राहून त्या नियमाची आठवण देतात, आणि तेव्हां कोठें जमीन हातीं येते. नियम झाला तरी दुसऱ्यांदा जाऊन मागावें लागलें.

आपल्याकडेही तसेंच आहे. मतदानाचें वय १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीनें २१ वरून १८ वर आलें. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीनें ग्रामसभेला राज्यघटनेंत स्थान मिळालें, आणि ती १९९३ पासून बावनथडीच्या दोन्ही कांठांस लागू आहे. मतदारयादींत नांव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. एकविसाव्या वर्षीं तो पंचायतीच्या निवडणुकीस उभा राहूं शकतो. माहितीचा अधिकार राज्यांत २००२ त व देशभर २००५ त आला. दहा रुपयांचें कोर्ट-फी तिकीट लावून मागील सभेचें इतिवृत्त मागतां येतें आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. हें सर्व कागदावर आहे. १९४२ च्या ऑगस्टांत याच तुमसरांत गोळीबारांत माणसें पडलीं, तीं अशा कागदासाठींच.

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गांवानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. तेथें अभ्यासगट बसतो, कायदा वाचतो, वाद घालतो. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसंमतीनें करते. या रीतीनें त्या लहानशा गांवानें २००९ मध्यें सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर आपला सामूहिक हक्क मिळविला. ते लोक आपल्या धर्माचे नव्हेत. शिकावयास तें आड येत नाहीं. आमच्या मंडळ्यांतील तरुण संघांनीं सभेच्या आधींच्या शनिवारीं गाण्याच्या सरावानंतर एक तास सभेची नोटीस व मागील इतिवृत्त वाचावें, एवढें तरी करतां येईल.

“एकदां विचारलें तर हंसतील,” असें तो मुलगा म्हणाला. हंसतील. १९५४ सालीं याच भंडारा मतदारसंघांतील लोकसभेच्या पोटनिवडणुकींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष! तरी पुढें १९५६ पर्यंत, मरेपावेतों, ते राज्यसभेचे सभासद होतेच.

त्या मुलाची बहीण बावीस वर्षांची असून तुमसरास शिकली आहे. आमचें बोलणें ती दाराआडून ऐकत होती. तिनें विचारिलें, पांच मुलींपैकीं बोलली कोण? शास्त्रांत तें सांगितलेलें नाहीं, असें आम्हीं म्हटलें. पुढील ग्रामसभा २ ऑक्टोबरास आहे. दोघेंही जाणार आहेत आणि घरकुलाची यादी मोठ्यानें वाचून दाखवावी, एवढीच विनंति करणार आहेत. बापानेंही येण्याचें कबूल केलें आहे. मात्र आपण मागच्या सतरंजीवर बसूं, असें तो म्हणतो.