शेवटची पंगत

आपल्या अकोटकडे लग्नाच्या जेवणावळीची परीक्षा पहिल्या पंगतीवरून होत नाही. तिथे मानाची माणसे बसतात, आग्रह असतोच. जाणता माणूस विचारतो, शेवटच्या पंगतीला भाजी पुरली का? हा प्रश्न राज्यव्यवस्थेलाही विचारता येतो. सोव्हिएत संघ कोसळत असताना मॉस्कोच्या उपाहारगृहांत तो उघडपणे उभा राहिला.

सरकारी उपाहारगृहाच्या दारावर ‘जागा नाही’ अशी पाटी असे आणि आत मेजे रिकामी असत. दारवानाची ओळख किंवा त्याच्या हातावर ठेवलेली नोट ती पाटी दूर करी. समतेच्या नावाने चाललेल्या राज्यात पंगत वशिल्याने बसत होती. म्हणूनच ३१ जानेवारी १९९० रोजी पुश्किन चौकात मॅक्डोनाल्ड्स उघडले, तेव्हा पहिल्याच दिवशी तीस हजारांवर माणसे रांगेने आत गेली. पैसे मोजले की मागितलेले मिळते, याचेच तिथे अप्रूप होते.

परंतु पुढे पैशालाच अर्थ उरला नाही. डिसेंबर १९९१ मध्ये संघराज्य विसर्जित झाले. २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक वस्तूंच्या किमती मुक्त झाल्या आणि रशियात वर्षभरात भाव सुमारे सव्वीस पटींवर गेले. १९८९ च्या अखेरीस परदेशी पर्यटकाला डॉलरमागे सव्वासहा रूबल मिळत. १९९२ च्या अखेरीस डॉलरचा दर चारशेपलीकडे पोहोचला. जन्मभराची बचत विरघळली. वशिल्याची पाटी गेली, तिथे किमतीची पाटी लागली.

मग डॉलर मोडून स्वस्तात जेवणाऱ्या पाहुण्याने अपराध केला काय? त्याने चोरी केली नाही. बिल चुकते केले. तरीही बिल चुकते झाले म्हणजे ऋण फिटले असे नव्हे. दोघांच्या संमतीने ठरलेली किंमत न्याय्य मानावी, हे खरे. पण एकाच्या अंगी नकार देण्याचे बळच नसेल, तर ती संमती कसली? वऱ्हाडातील कापूस पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. १९९१ च्या ‘सेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी बाजाराची उपयुक्तता मान्य केली. मात्र बाजारात ज्यांना स्थान नाही अशा मानवी गरजा असतात, हेही बजावले. रिकाम्या खिशाची भूक ही त्यांतली पहिली.

ताट टाकून उठणे हा उपाय नव्हे. त्याने दाराबाहेरच्याचे पोट भरत नाही. ताट कोणाच्या श्रमाच्या मोलावर स्वस्त झाले, हे जाणून रांधणाऱ्या-वाढणाऱ्याला रास्त मोबदला द्यावा, एवढे तरी आपल्या हाती असते. मॅक्डोनाल्ड्सनेही २०२२ मध्ये रशिया सोडला. राज्ये जातात, दुकाने जातात. शेवटच्या पंगतीत बसलेला माणूस मात्र वाट पाहत असतो.