जनाबाईचा सोबती

शरण जायचं म्हणजे देवापुढे मान खाली घालून उभं राहायचं, असं आपण धरूनच चालतो. जनाबाईला हे मान्य नसावं. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी वाढली, नामदेवांची दासी म्हणून राबली. देवाला वाहायला तिच्याकडे होते फक्त कष्ट. दळण, कांडण, झाडलोट. तिनं तेच वाहिले. आणि देवानं काय करावं? तिच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो, केर भरतो, तिची वेणीसुद्धा घालतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचं म्हणून जातं दाखवतात. वारकरी तिथं हमखास थांबतात. मला मात्र भावतो तो तिचा राग. रुसली, की ही दासी पंढरीच्या राजाला अंगणात उभं राहून खुशाल शिव्या घालते!