न दिसले, त्याचा दोष कोणाकडे?

न दिसल्यामुळे मनुष्याच्या हातून जे घडते, त्याचा दोष त्याच्याकडे जातो की नाही? पाठशाळेत असताना हा प्रश्न आम्ही विनोदाने घातला असता आणि तितक्याच विनोदाने सोडविलाही असता. आज तो आमच्याच दारात येऊन बसला आहे, म्हणून सज्जनांपुढे मांडतो.

सन २०२२ च्या मार्गशीर्षात एका गावचे कीर्तन आटोपून रात्री मोटारसायकलवर मागे बसून परतत होतो. डोक्यावर फेटा होता, हेल्मेट नव्हते. गाडी खड्ड्यात उसळली, आम्ही उताणे पडलो आणि डोक्याच्या मागच्या उजव्या भागास मार बसला. जीव वाचला, वाणी वाचली, पाठांतर शाबूत राहिले. घरी आल्यावर मात्र दाराची डावी चौकट रोज खांद्याला लागू लागली.

चष्मा बदलला, उपयोग शून्य. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून तपासले आणि म्हणाले, "महाराज, डोळे चांगले आहेत. गेली आहे ती दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी बाजू." डावीकडचे जे जे दोन्ही डोळ्यांत उतरते, त्याचे ज्ञान मेंदूच्या उजव्या मागच्या भागात होते, आणि तोच भाग दुखावला होता. ही गोष्ट पुष्कळशी रणांगणावर उमगली. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात गोळी डोक्यातून आरपार जाऊनही वाचलेले जपानी सैनिक तात्सुजी इनोये नावाच्या नेत्रवैद्याने तपासले. गोळी कोठून शिरली, कोठून निघाली आणि दृष्टीचा कोणता तुकडा हरपला, याचा मेळ त्याने घातला व १९०९ साली तो छापला. ऐकून आम्हांस आमचे गुरुजी आठवले. गोलक म्हणजे इंद्रिय नव्हे, बुबुळ शाबूत असूनही दर्शन नसू शकते, हे ते घोकून घेत असत. आम्ही घोकले होते, एवढेच.

लोक विचारतात, डावीकडे काळोख दिसतो का? काळोख दिसता तर बरे झाले असते हो! काळोख दिसला की मनुष्य हात पुढे करतो, चाचपतो. तुमच्या पाठीमागे काय आहे ते तुम्हांस काळे दिसते काय? ते दिसतच नाही, आणि दिसत नाही याची खंतही वाटत नाही. आमची डावी बाजू तशी झाली. जग आम्हांस पुरते वाटे.

एके दिवशी जेवताना सूनबाईवर रागावलो, "चटणी नाही, लिंबू नाही, हे काय ताट?" ती बिचारी काही बोलली नाही. तिने ताट फक्त फिरविले. चटणी, लिंबू, मीठ सारे जागच्या जागी, डाव्या बाजूस वाढलेले होते.

आता पाहा, वेदान्तपरिभाषा शिकलेला मनुष्य हा. तीत अनुपलब्धि हे सहावे प्रमाण सांगितले आहे. भूमीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही असे कळते. पण त्यास अट आहे योग्यतेची: घट असता तर दिसलाच असता, अशी स्थिती पाहिजे. अंधारात घट दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. आमच्या डाव्या बाजूस ती योग्यता उरली नव्हती. तरी आम्ही 'नाही' म्हणून निवाडा देत होतो, आणि तोही तावातावाने.

चटणीचे हसून सोडता येते. पुढचे नाही. २०२३ च्या चैत्रात आम्ही पुन्हा कीर्तनास उभे राहू लागलो. डोळ्यांचे कोणास सांगितले नाही. लोक म्हणतील महाराज आंधळे झाले, बोलावणी बंद होतील, ही भीती. एका सप्ताहात काल्याचे कीर्तन झाले, मंडळी पाया पडू लागली. त्यांत एक वृद्ध गृहस्थ होते. दिंडीच्या हिशेबावरून त्यांचे-आमचे बिनसून तीन वर्षे बोलणे नव्हते. ते आपण होऊन आले, डावीकडे उभे राहिले, वाकले. आम्ही उजवीकडच्याशी हसत बोलत पुढे निघून गेलो. ते तसेच घरी गेले. वर्षाने दुसऱ्याच्या तोंडून कळले की, गावात आमचे नाव 'गर्विष्ठ' असे पडले आहे.

यावर कोणी म्हणेल, ज्ञान नाही तेथे दोष कसला? डॉक्टरांनी सांगितले त्या दिवसापर्यंत हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. त्यानंतर नाही. आपल्याला अर्धे दिसत नाही, हे तर दिसू लागले होते! डोळा डावीकडे जात नव्हता, पण मान काही मोडली नव्हती. वळविता आली असती. आणि जीभ तर मुळीच मोडली नव्हती. लपविले ते बोलावण्यांसाठी. दोष तेथे आहे, मेंदूत नाही.

हरपलेली बाजू परत यायची ती बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच येते. आमची आली नाही. मग शिकविले तसे करू लागलो. पोथीच्या डाव्या कडेला तांबड्या कागदाची पट्टी लावतो. प्रत्येक ओळीस ती पट्टी दिसेपर्यंत नजर मागे नेतो, नाही तर ओवीचा पहिला शब्द गळतो. चालताना मान डावीकडे फिरवीत जातो. पोरे हसतात, हसू द्यावीत. आणि कीर्तनास उभे राहिलो की आधी सांगून टाकतो, "डाव्या हाताच्या मंडळींनी आवाज द्यावा, आम्हांस तिकडचे दिसत नाही." बोलावणी थोडी कमी झाली, हे खरे.

२०२४ साली त्या गृहस्थांच्या घरी गेलो. ते गोठ्यात कडबा टाकीत होते. सगळे सांगितले. ऐकून घेतले आणि म्हणाले, "आसं व्हतं तर सांगायचं की, महाराज. मी उजवीकडं हुबा ऱ्हायलो असतो."

आम्ही काय बोलणार? चहा आला. मुलीने कप आमच्या डावीकडे ठेवला होता; त्यांनी तो उचलून उजवीकडे ठेवला.