राखणीची पाळी

दिवाळी उलटली की पलसाण्याच्या चौकडीवर ट्रकमधून माणसं उतरू लागतात. डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, काखेत मूल, हातात कोयता. धुळे, नंदुरबार आणि डांगकडची ही जोडपी चलथाण-बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला येतात. अशा जोडप्याला इकडे 'कोयता'च म्हणतात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत शेताकडेच्या पडावावर, प्लास्टिकच्या कागदाखाली त्यांचा संसार चालतो. दिवसभर ऊस तोडून बाई संध्याकाळी वाढ्यांच्या पेंढ्या बांधते, तेव्हा तिचे हात पात्यांनी ओरबाडलेले असतात. हे हात गावी का राहू शकले नाहीत?

याच चौकडीतून बारडोली, व्यारा, नवापूर करत रस्ता धुळ्याकडे जातो. कोंडाईबारीचा घाट ओलांडला की साक्री तालुका लागतो. तिथे पिंपळनेरच्या बाजूला बारीपाडा हा शंभरेक घरांचा आदिवासी पाडा आहे. १९९० च्या सुमारास त्याचीही अवस्था वेगळी नव्हती. डोंगर बोडके, विहिरी आटलेल्या, बायका सरपणापाण्यासाठी कोसभर हिंडायच्या आणि पोटासाठी गाव सोडावं लागायचं. चैत्राम पवार नावाच्या गावातल्याच एम.कॉम. झालेल्या तरुणाने बाहेर नोकरी शोधली नाही. त्याच्या पुढाकाराने गाव बसलं आणि ठरलं, की उरलंसुरलं जंगल आपण राखायचं. कुऱ्हाड चालवणाऱ्याला दंड, बैलगाडी जंगलात न्यायला बंदी, राखणीला गावातलीच माणसं. उतारावर दगडांचे बांध घातले, पाणी अडवलं. आज सुमारे ४४५ हेक्टर जंगल तिथे उभं आहे. विहिरींना पाणी आहे आणि ऊसतोडीला जाणं जवळजवळ थांबलं आहे. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. पण त्या डोंगराची खरी पावती मला दिसते ती तिथल्या वनभाजी स्पर्धेत. बायका रानातून खुडून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात आणि प्रत्येक भाजी कुठे उगवते, कशी शिजवायची, कशावर गुणकारी आहे, हे स्वतः सांगतात. ज्यांना भाजीचा ठावठिकाणा पाठ आहे, त्यांना जंगल राखायला दुसऱ्या कुणी शिकवावं लागत नाही.

सामायिक ते कुणाचंच नसतं, असं आपण सहज बोलून जातो. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी या समजुतीला शास्त्राची झूल चढवली: सामायिक कुरणात जो तो आपली गुरं वाढवणार आणि शेवटी कुरणच संपणार. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी स्वित्झर्लंडमधली कुरणं आणि जपानमधली गावाची रानं अभ्यासून दाखवलं, की वापरणारेच नियम करतात आणि वापरणारेच पहारा देतात, तिथे सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तिथली ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असला तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. राखण सगळ्यांनी करायची असेल, तर निर्णयही सगळ्यांचा हवा, इतकी ती साधी गोष्ट आहे.

इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलं सरकारची झाली. गावकऱ्याचा हक्क गेला आणि त्यासोबत जबाबदारीही गेली. काल ज्याचं रान होतं, तो आज आपल्याच रानात चोर ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही चूक मान्य केली आणि जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. पण कागद हातात आला म्हणून मालकी येत नाही. मालकी येते ती राखणीच्या पाळीतून. आपल्या घरी सरपण कमी असताना शेजाऱ्याला 'हे झाड नको तोडू' म्हणायचं आणि तोच नियम स्वतःला लावायचा, हे अवघड आहे. बिनपगारी राखणदार म्हणून या माणसांचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. रानाने डिंक, मोह, बांबू, भाजी आणि पाणी दिलं तरच राखण टिकते. उपाशी माणसाला जंगल राखायला सांगणं हा अन्याय आहे.

पलसाण्यात, कडोदऱ्यात, उधन्यात गिरण्यांमध्ये राबणाऱ्या खानदेशी माणसांना मला म्हणूनच काही सांगायचं आहे. गाव सुटलं तरी गावच्या रानातला वाटा सुटत नाही, आणि वाटा आहे तर पाळीही आहे. आखाजीला गावी जाल तेव्हा ग्रामसभेत जाऊन बसा. आपल्या गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला आहे का, ते विचारा. केला नसेल तर अर्ज लिहायला हात लावा. आणि राखण सुरू असेल, तर सुट्टीतला एक दिवस आपल्या पाळीचा म्हणून द्या.