क्रमवारी आणि मूल्य : ध्वनिमुद्रिकेच्या खपाविषयीचा एक नैतिक प्रश्न

एखादी ध्वनिमुद्रिका लक्षावधी लोकांनी विकत घेतली, ही घटना तिच्या कलात्मक मूल्याविषयी काही सांगते काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे मिळत गेली. एका उत्तरानुसार खप हाच लोकांचा कौल आणि लोकांहून वेगळा असा कलेचा न्यायाधीश संभवत नाही. दुसऱ्यानुसार खप हे कलेच्या अधःपतनाचेच लक्षण होय. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी भासली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. खपाचा आकडा आणि मूल्य यांच्यात थेट नाते आहे, मग ते सम असो वा व्यस्त, असे दोन्हींत मानलेले आहे. तपासायला हवे ते हे गृहीतकच.

'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही दीर्घ ध्वनिमुद्रिका १९७३ च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या क्रमवारीत ती पहिल्या स्थानावर राहिली केवळ एक आठवडा. परंतु १९८८ पर्यंतच्या काळात ती त्या यादीत सातशेहून अधिक आठवडे होती. एकाच कृतीविषयी एकाच यादीतून दोन निष्कर्ष निघतात. आठवड्याचे शिखर पाहिले तर हे यश क्षणिक ठरते. कालावधी पाहिला तर ते असाधारण ठरते. लोकांचा कौल म्हणून जे सांगितले जाते, ते कौल मोजण्याच्या रीतीवर किती अवलंबून असते, हे येथे दिसते.

१९९१ साली हे अधिकच उघड झाले. तोपर्यंत 'बिलबोर्ड'ची यादी प्रामुख्याने दुकानदारांनी सांगितलेल्या माहितीवर बेतलेली असे. त्या वर्षी विक्रीची नोंद यंत्राद्वारे घेतली जाऊ लागली आणि रॅप व कंट्री या प्रकारांतील ध्वनिमुद्रिका यादीत एकाएकी वर सरकल्या. श्रोत्यांची अभिरुची एका आठवड्यात पालटली नव्हती. ती आजवर ज्यांनी मोजली, त्यांच्या पूर्वग्रहांचा पडदा तेवढा बाजूला झाला. भारतीय श्रोत्यांना रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' या १९५२ साली सुरू झालेल्या कार्यक्रमाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. तेथे गीतांचे 'पायदान' ठरविताना ध्वनिमुद्रिकांच्या खपाबरोबर श्रोतृसंघांची पसंतीही विचारात घेतली जाई. म्हणजे केवळ खप पुरेसा नाही, हे क्रमवारी करणाऱ्यांनाही जाणवले होते.

या प्रश्नाची दुसरी बाजू कोल्हापुरात सापडते. अल्लादियाखाँ १८९० च्या दशकात शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर दरबारात आले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी त्या नगरीत रुजली. १८८३ साली स्थापन झालेल्या देवल क्लबासारख्या संस्थांमुळे तेथे जाणत्या श्रोत्यांचा वर्गही तयार झाला होता. या महान गायकाने मात्र आपल्या मागे ध्वनिमुद्रिका ठेवली नाही. १९४६ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे गाणे उरले ते पुत्र भुर्जीखाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि पुढे मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गळ्यांत. खपाच्या कसोटीवर अल्लादियाखाँ शून्य ठरतात. ज्या कसोटीवर ते शून्य ठरतात, ती कसोटी मूल्याची असू शकत नाही, एवढे यावरून निःसंशय म्हणता येते.

परंतु यावरून मुद्रणाचा अभाव हाच शुद्धतेचा पुरावा आहे, असे मात्र निष्पन्न होत नाही. कोल्हापूरपासून जवळच असलेल्या मिरजेत अब्दुल करीमखाँ राहत. त्यांनी ध्वनिमुद्रण स्वीकारले. तीन-साडेतीन मिनिटांच्या मर्यादेत ख्यालाचा विस्तार मावत नाही, ही अडचण त्यांच्याही पुढे होतीच. तरीही त्यांच्या एका ठुमरीची तबकडी ऐकून गदगच्या भीमसेन जोशी नावाच्या मुलाला गाण्याचा ध्यास लागला आणि गुरूच्या शोधात तो घराबाहेर पडला, असे सांगितले जाते. त्या मुलाने ती तबकडी विकत घेतली नव्हती; दुकानात वाजत असताना ती त्याच्या कानी पडली. विक्रीच्या हिशेबात हे श्रवण शून्य भरते. हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात त्याचे मोल किती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या उदाहरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ग्राहकांची मोजणी प्रत्येकाला एक मानते. हीच तिची लोकशाही आणि हीच तिची मर्यादा. बेंथॅमच्या सुखवादात सुखाचे परिमाण समान असेल तर पोरखेळ आणि काव्य समान ठरतात. मिलने त्यावर उपाय म्हणून सुखांमध्ये गुणभेद कल्पिला आणि दोन्ही सुखे अनुभवलेल्याचा निर्णय प्रमाण मानला. भारतीय परंपरेतील 'सहृदय' ही संकल्पना याच दिशेची, पण अधिक सखोल आहे; सहृदय केवळ निवड करीत नाही, कलाकृतीशी तन्मय होण्याची पात्रता तो अभ्यासाने मिळवितो. मात्र येथे एक नैतिक अडचण उभी राहते. सहृदय होण्याची संधी कोणाला होती? दरबारात आणि खासगी मैफलीत कोणाला बसता येत होते? ज्यांना जात, दारिद्र्य किंवा स्त्रीत्व यांमुळे मैफलीचे दार बंद होते, त्यांच्यापर्यंत संगीत नेले ते तबकडीने आणि पुढे रेडिओने. खपाचा उपहास करणारा अभिजनवादी या वस्तुस्थितीकडे पाठ फिरवितो. गदगचा मुलगा सहृदय झाला तो बाजारात वाजणाऱ्या तबकडीमुळेच.

म्हणून प्रसार आणि मूल्य ही दोन भिन्न श्रेये मानणे इष्ट. प्रसार हे नैतिक श्रेय आहे, कारण त्यामुळे अनुभवाचा अधिकार विस्तारतो. मूल्य हे कलाकृतीच्या अंगी असणारे श्रेय आहे. त्याची सिद्धी श्रोत्याच्या अनुभवात होते, त्याच्या संख्येत नव्हे. अडोर्नोने १९३८ साली दिलेला इशारा याच संदर्भात महत्त्वाचा ठरतो : श्रोता गीताऐवजी गीताच्या यशालाच दाद देऊ लागला, की ऐकणे संपते. दोष आकड्याचा नाही. पुराव्याला निकाल समजण्याचा आहे.

या विवेचनाला पूरक असे एक उदाहरण इतिहासानेच पुरविले आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अवकाशात झेपावलेल्या दोन 'व्हॉयेजर' यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची ध्वनिमुद्रिका बसविलेली आहे. तिच्यात चक बेरी यांचे 'जॉनी बी. गुड' हे १९५८ चे रॉक गीत आहे आणि अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवीही आहे. बेरी यांचे गीत अमेरिकी क्रमवारीत पहिल्या स्थानी कधीच पोचले नव्हते. केसरबाईंच्या गाण्याला क्रमवारीच नव्हती. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. ज्या गुरूने तबकडी मागे ठेवली नाही, त्याची तालीम तबकडीवरूनच सौरमालेबाहेर गेली. त्या तबकडीला ग्राहक नाही. तरीही निवडणाऱ्यांनी ती कोणीतरी ऐकेल या विश्वासाने पाठविली.

या विश्वासात मूल्यनिर्णयाचे स्वरूप स्पष्ट होते. मूल्य म्हणजे झालेल्या श्रोत्यांची बेरीज नव्हे. अजून न आलेल्या श्रोत्याविषयी स्वीकारलेली ती जबाबदारी आहे. क्रमवारी त्या श्रोत्याला मोजू शकत नाही. समीक्षेला मात्र त्याचाच विचार करावा लागतो.