आवडतं म्हणून

मार्क ब्रायन हे मूळचे अमेरिकी, पेशानं रोबोटिक्स इंजिनिअर, राहायला जर्मनीत. साठी गाठलेले, संसारी, मुलाबाळांचे वडील. कमरेच्या वर त्यांचा पोशाख कुठल्याही ऑफिसात खपून जाईल असा असतो: इस्त्रीचा शर्ट, टाय, कधी वर कोट. कमरेखाली मात्र गुडघ्याशी येणारा घट्ट पेन्सिल स्कर्ट आणि चांगल्या चार-पाच इंची टाचा. कामावरही असेच आणि बाजारातही असेच. २०२० च्या सुमारास त्यांचे फोटो जगभर पसरले, मुलाखती झाल्या आणि प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न एकच आला. का?

या प्रश्नाला जी उत्तरं लोकांना अपेक्षित होती, ती त्यांच्याकडे नव्हती. ते स्वतःला स्त्री मानत नाहीत, समलिंगी नाहीत, नट नाहीत, कुठल्या चळवळीचे पुढारीही नाहीत. पोर्श गाड्यांचा त्यांना भारी शौक. उंच टाचा पहिल्यांदा घातल्या त्या कॉलेजच्या दिवसांत, नाचायला जाताना मैत्रिणीनं सुचवलं म्हणून. आज कुठल्या कपड्यावर काय शोभेल हे त्यांच्या पत्नी सांगतात. पॅन्टबद्दल त्यांची तक्रार साधी आहे. काळी, करडी, निळी, तपकिरी यापलीकडे पुरुषांच्या पॅन्टला रंगच नाहीत. स्कर्टमध्ये फुलं आहेत, पट्टे आहेत, वाघाची कातडी आहे, लाल आहे, पिवळा आहे. थोडक्यात त्यांचं उत्तर असं, की मला आवडतं म्हणून घालतो.

एवढं साधं उत्तर पचायला फार जड जातं. पुरुषानं स्कर्ट घातलेला जगाला चालतच नाही असं नाही. सबळ कारण दाखवलं की चालतो.

स्कॉटलंडचंच पाहा. बंड मोडून काढल्यावर १७४६ मध्ये इंग्रज सरकारनं डोंगराळ मुलखातल्या पुरुषांना किल्ट घालायची बंदी केली. पण तोच किल्ट सैन्यातल्या पलटणींना घालू दिला. राजाची चाकरी हे कारण झालं. १७८२ मध्ये बंदी उठली. आज लग्नात किल्ट घातलेल्या स्कॉटिश नवरदेवाकडे कुणी वळूनही पाहत नाही, कारण पाठीशी परंपरा आहे. ग्रीसच्या संसदेसमोर पहारा देणारे सैनिक चारशे चुण्यांचा पांढरा घागरा नेसतात. त्यांच्या पाठीशी राष्ट्र आहे. २०१७ च्या जून महिन्यात फ्रान्समधल्या नाँत शहरात कडक उन्हाळा पडला. बसचालकांना हाफपॅन्ट घालायला मनाई होती, बाईचालकांना मात्र स्कर्टची मुभा होती. तेव्हा पुरुषचालक स्कर्ट घालून बस चालवायला बसले. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या एका शाळेत मुलांनी हेच केलं. दोन्हीकडे लोकांनी कौतुक केलं, वर्तमानपत्रांनी हसरे फोटो छापले. नाँतच्या चालकांना लवकरच हाफपॅन्टची परवानगी मिळाली, आणि मागणी मान्य होताच स्कर्ट परत गेले. स्कर्ट हा तिथे निषेधाचा फलक होता. फलकाचं काम संपलं की तो खाली ठेवायचा असतो. एखाद्या चालकाला त्या दोन-चार दिवसांत तो कपडा मनापासून आवडून गेला असेल, तर त्यानं दुसऱ्या आठवड्यात काय सांगून तो घातला असता?

बायकांनाही या कारणांच्या दारातूनच पॅन्टपर्यंत यावं लागलं. पॅरिसमध्ये १८०० साली असा हुकूम निघाला, की बाईला पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांचा परवाना हवा. रोझा बोनर ही मोठी चित्रकार. जनावरांची चित्रं काढण्यासाठी घोडेबाजारात आणि कत्तलखान्यात तिला हिंडावं लागे. तिनं असा लेखी परवाना काढला, आणि तो दर सहा महिन्यांनी नवा करावा लागे. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सवलत मिळाली: हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल, तर पॅन्ट चालेल. म्हणजे सायकल भिंतीला टेकवली की बाई पुन्हा गुन्हेगार! हा हुकूम कागदोपत्री रद्दबातल असल्याचं फ्रेंच सरकारनं जाहीर केलं ते थेट २०१३ मध्ये. पण रस्त्यावरच्या बायकांनी तो कधीच निकालात काढला होता. आज पॅन्ट घातलेल्या बाईला कुणी कारण विचारत नाही. पुरुषाचा स्कर्ट तिथवर अजून आलेला नाही.

उंच टाचांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे, कारण त्या पुरुषांच्याच होत्या. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय घट्ट रोवून उभे राहत आणि बाण सोडत. बूट रिकिबीतून निसटू नये म्हणून त्यांना टाच होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शाह अब्बासचे वकील युरोपच्या दरबारांत पोहोचले, तिथे इराणी वस्तूंचं वेड लागलं आणि सरदार मंडळींनी टाचा उचलल्या. टोरंटोच्या बाटा शू म्यूझियमनं २०१५ मध्ये पुरुषांच्या टाचांवरच एक प्रदर्शन मांडलं होतं. या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध चित्र लूव्र संग्रहालयात आहे. हियासँत रिगोनं १७०१ मध्ये काढलेलं चौदाव्या लुईचं चित्र. राजा तेव्हा ६३ वर्षांचा होता. अंगावर जडशीळ झगा, तो मुद्दाम बाजूला सारून पुढे केलेला पाय, पांढरे मोजे आणि लाल टाचांचे बूट. या वयाचा माणूस आपला पाय लोकांनी पाहावा म्हणून उभा आहे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलेलं नाही. उलट लाल टाच घालण्याचा मान फक्त दरबारातल्यांना होता.

मग हे सगळं गेलं कुठे? अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या पुरुषांच्या टाचा उतरल्या. त्यापाठोपाठ रेशीम गेलं, झालरी गेल्या, रंग गेले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लुगल यांनी १९३० च्या आपल्या ग्रंथात या घटनेला पुरुषांचा महात्याग म्हटलं. सुंदर दिसण्यावरचा हक्क पुरुषांनी सोडून दिला आणि उपयुक्त दिसण्यातच समाधान मानलं. हे निदान अचूक आहे. त्याला एवढंच जोडायला हवं, की हा त्याग पुढच्या पिढ्यांनी केलेला नाही, तो त्यांच्या गळ्यात पडला. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडेही आला. पागोटी गेली, जरीकाठी उपरणी गेली, कानातली भिकबाळी गेली. कचेरीत जाणाऱ्याच्या अंगावर पांढरा शर्ट आणि करडी पॅन्ट आली.

मराठी माणसाला स्त्रीवेशातला पुरुष अनोळखी नाही. बालगंधर्वांनी शालू कसा नेसला, अंबाडा कसा घातला, हे पाहून घरंदाज बायका आपला पोशाख ठरवत. त्यांच्यावर महाराष्ट्रानं जीव ओवाळून टाकला. पण ती रंगभूमी होती. तिसऱ्या घंटेनंतर मिळणारी परवानगी पडद्याबरोबर संपत होती. आणि तमाशातल्या नाच्याला तर तीही पुरी मिळाली नाही. आनंद यादवांच्या कादंबरीवरून आलेला 'नटरंग' २०१० मध्ये महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. त्यातला गुणा पहिलवान गड्याचा नाच्या होतो आणि गावाकडून, घराकडून त्याची जबर किंमत मोजतो. कलेसारखं सबळ कारण असूनही त्याची सुटका झाली नाही.

ब्रायन यांच्यावर बायकांचा एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ज्या टाचा ते हौसेनं चढवतात, त्या पायातून काढता याव्यात म्हणून बायका झगडत आहेत. २०१५ मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प या स्वागतिकेला सपाट चपला घातल्या म्हणून बिनपगारी घरी पाठवलं गेलं. तिच्या अर्जावर दीड लाखांवर सह्या झाल्या आणि ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा यांनी अशीच मोहीम उभी केली. वर्षानुवर्षं उंच टाचा वापरणाऱ्या बायकांच्या पोटरीचे स्नायुतंतू आखूड होतात आणि टाचेची शीर ताठर होते, हे संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. ब्रायन यांनी सपाट बूट घातले म्हणून त्यांना कुणी घरी पाठवणार नाही. हा फरक खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. पण त्यातून निघतं ते हेच, की जाच टाचेत नाही, सक्तीत आहे. जिला नको तिला ती काढता यावी आणि ज्याला हवी त्याला ती घालता यावी, या मागण्या एकाच घरातल्या आहेत.

दुसरा फरक याहून कठोर आहे. सुखवस्तू देशातल्या गोऱ्या इंजिनिअरला फार तर वळून पाहिलं जातं. आपल्याकडे साडी नेसून लोकलमध्ये चढणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला शिव्या मिळतात, मार मिळतो. सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात स्वच्छ म्हटलं आहे, की कोणता पोशाख करावा हा राज्यघटनेच्या कलम १९ खालच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे. निकाल झाला, पण रस्त्यानं तो अजून वाचलेला नाही.

राहता राहिलं वय. टोकियोतले हिदेआकी कोबायाशी हेही इंजिनिअर, जन्म १९६२ चा. पन्नाशीच्या सुमारास सुट्टीच्या दिवशी ते शाळकरी मुलींचा सेलर गणवेश घालून, पांढऱ्या दाढीच्या छोट्या वेण्या बांधून हाराजुकूत फिरू लागले आणि शहराचे लाडके झाले. ही हौस उतारवयातच उघड्यावर यावी हे स्वाभाविक आहे. तोवर नोकरी सांभाळायची असते, मुलांची लग्नं व्हायची असतात, सोयरे काय म्हणतील ही धास्ती असते. साठीला ती जरा सैल होते. पण नेमकं तेव्हाच आपला समाज विचारतो, 'या वयात शोभतं का हे?' एके काळी विधवेला आलवण नेसवणारा समाज हाच. म्हाताऱ्या माणसाच्या शरीराबद्दल आपण साखर, रक्तदाब आणि गुडघे एवढंच बोलतो. त्या शरीराला अजून मिरवावंसं वाटतं, कापडाची सळसळ आवडते, टाचेवर उभं राहिल्यावर पाठ ताठ होते आणि पाऊल मोजून पडतं याचं सुख होतं, हे ऐकायला कुणी तयार नसतं.

ब्रायन यांचं मोल इथे आहे. त्यांनी कारण शोधलं नाही. उन्हाळा, परंपरा, निषेध, कला यांतलं काहीही पुढे करता आलं असतं. त्यांनी आवड पुढे केली आणि तेवढ्यावर थांबले.

सगळ्यांनी उद्या स्कर्ट घालावा असं कुणी म्हणत नाही. पण यंदाच्या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषासाठी पुन्हा तोच मोतिया रंगाचा झब्बा परस्पर आणू नका. त्यांना दुकानात घेऊन चला, हवं ते हाताळू द्या, आणि त्यांनी जे उचललं त्याचं कारण विचारू नका.