हिशेब मागणे हा अविश्वास आहे काय?



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील वस्त्यांवर बुद्धविहार बांधावा, मुलांसाठी अभ्यासिका काढावी, अशी तळमळ दिसते ही आनंदाची गोष्ट आहे. मंडळ स्थापन होते, मुंबईला नोकरीस असलेले भाऊबंद वर्गणी पाठवतात, पायाभरणी होते. मग एखाद्या सभेत एक तरुण उभा राहून विचारतो, “वर्गणीचा हिशेब कुठे आहे?” सभा गप्प होते. खजिनदार त्याचा चुलता असतो. “घरच्या माणसावर विश्वास नाही काय रे?” एवढे कोणी म्हणाले की तरुण खाली बसतो. प्रामाणिक माणसाकडे हिशेब मागणे हा खरोखर त्याचा अपमान आहे काय?

उत्तरासाठी दूर जाण्याची गरज नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील लेणी पाहा. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने तेथे सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या दानाची नोंद असून दरमहाचे आकडेही दिले आहेत. ज्या बुरूडकामाला पुढे गावाने हलके ठरवले, ते करणाऱ्यांच्या हाती धम्मदान विश्वासाने सोपवले होते. आणि विश्वास होता तरी आकडा कातळावर कोरलाच! त्या लेखाने कोणाचा अपमान झाला नाही. उलट दोन हजार वर्षांनीही त्यांची नावे आदराने घेतली जातात.

भगवान बुद्धांनी आपल्यामागे संघाला कोणी वारस नेमून दिला नाही. धम्म आणि विनय यांनाच शास्ता मानण्यास सांगितले. संघात ठराव मांडला जाई, संमती विचारली जाई, मतभेद झाल्यास शलाका वाटून मते मोजली जात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या याच सभानियमांची आठवण करून दिली आणि त्याच भाषणात व्यक्तिपूजेच्या धोक्याचाही इशारा दिला. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिची रीतसर नोंदणी केली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. बाबासाहेब स्वतः व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख होते. एवढा विद्वान पुरुष नियमाने बांधून घेतो, मग आपल्या गावच्या अध्यक्षाला नियमाचे ओझे का वाटावे?

आता एक कटू गोष्ट बोलतो. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. परंतु बापानंतर मुलगा अध्यक्ष, वह्या त्यांच्याच पेटीत, विहाराची किल्ली त्यांच्याच खुंटीला, असे चालले तर आपण अध्यक्षपदाचे नवे वतन निर्माण केले असे होत नाही काय? ज्या आईने मजुरीतून दहा रुपये दिले, तिचा त्या विहारावर अध्यक्षाइतकाच हक्क आहे.

दुसरे शील न दिलेले घेऊ नका असे सांगते. पुस्तकांसाठी दिलेला पैसा मंडपावर खर्च करणे, हेही न दिलेले घेणेच आहे. खर्च करणाऱ्याच्या मनात पाप नसले तरी देणाऱ्याची संमती तेथे नव्हती.

म्हणून मंडळ काढताना सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यास किमान सात माणसे लागतात. ती सातही एकाच भावकीतील नसावीत, त्यांत स्त्रिया असाव्यात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदणी करा. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास बदल कळवा. प्रत्येक वर्गणीची पावती द्या. बँकेतून पैसे दोन सह्यांनीच निघावेत. सभेचे इतिवृत्त लिहा. आणि दर बुद्धपौर्णिमेला वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तो कळेल.

असे झाले की त्या तरुणाला भीत भीत उभे राहावे लागणार नाही, आणि त्याच्या चुलत्यालाही पाठीमागची कुजबुज सोसावी लागणार नाही. हिशेब विचारणारा आणि हिशेब देणारा, दोघेही एकमेकांशी मैत्रीनेच वागत असतात.

जय भीम!